पायाकडेही बघा



माझ्या सासूबाईंची बायपास झाली, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "छातीत दुखतं का?" पायाचं कुणी विचारलं नाही. त्याही बोलल्या नाहीत. लुगड्याआड पाय झाकलेला. घरी आल्यावर एक दिवस चादरीवर पिवळा डाग दिसला. पोटरीवरची जखम पिकली होती. म्हणाल्या, "तू आधीच दमलेली, आणखी कशाला सांगू?"

हृदयाच्या ऑपरेशनमध्ये पाय का कापतात? हृदयाची रक्तवाहिनी तुंबली की रक्ताला वळशाची वाट लागते. पाट तुंबला तर आपण बाजूने चारी काढतो, तसंच. त्यासाठी बहुतेकदा पायाच्या आतल्या बाजूची, कातडीखालची लांब शीर घेतात. १९६७ साली डॉक्टर रेने फावालोरो यांनी अमेरिकेत ही पद्धत रुळवली. ती शीर काढली तरी खोलवरच्या शिरा तिचं काम सांभाळतात.

म्हणून सुरुवातीचे काही आठवडे संध्याकाळी पाऊल, घोटा सुजतो. शिरेलगतची नस दुखावली तर घोट्याजवळ बधिरपणा, मुंग्या राहतात. त्या जायला काही महिने लागतात. याला घाबरू नका. पडल्यावर पायाखाली उशा घ्या. बसताना पाय लोंबकळत ठेवू नका, मांडीवर मांडी टाकू नका. डॉक्टरांनी सांगितलं तेवढं रोज चाला. घट्ट मोजे दिले असतील तर सकाळी उठल्या उठल्या, सूज चढायच्या आत घाला. जखमेवर हळद, तेल, पाला काही लावू नका.

पण जखम लाल, गरम झाली, पू किंवा वास आला, टाके उसवले, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मधुमेह असेल तर जास्तच जपा, कारण जखम लवकर भरत नाही. एकच पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर चोळू नका. आत रक्ताची गाठ असू शकते. पाऊल गार, निळं पडलं तरी थांबू नका. दम लागला, छातीत कळ आली तर लगेच १०८ ला फोन करा.

सासूबाईंचा पाय औषधं आणि रोजच्या ड्रेसिंगने भरला, पण दीड महिना गेला. चार दिवस आधी बघितलं असतं तर एवढं झालं नसतं.

तेव्हा घरात कुणाची बायपास झाली असेल तर रोज उजेडात बसवून म्हणा, "पाय दाखवा बघू." आणि बाई, ऑपरेशन तुमचंच झालं असेल, तर विचारायची वाट बघू नका. आपणहून सांगा.