ओल आणि पोलाद

दाजीपूरचं जंगल म्हणजे कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं रान. १९५८ साली तिथं अभयारण्य झालं आणि १९७२च्या कायद्यानं शिकारीला बंदी आली. परवान्याच्या जुन्या रायफली मात्र काही घरांत राहिल्या. आता त्यांचा वैरी गंज.

लोखंडाला हवा आणि ओल मिळाली की गंज धरतो. हाताच्या घामातलं मीठ त्याला घाई करतं. चामडी खोळ ओल धरून ठेवते, म्हणून पावसाळ्यात रायफल तिच्यात कोंडू नये. खंडेनवमीला वाहिलेलं हळदकुंकू, फुलं संध्याकाळी उतरवावीत, कोरड्या फडक्यानं पुसून तेलाचा पातळ हात फिरवावा. ओल पूजेची की पावसाची, लोखंडाला कळत नाही.

गंज दिसलाच, तर आधी रायफल रिकामी असल्याची खात्री करावी. तेल लावून मुरू द्यावं, मग मऊ फडक्यानं हलकेच पुसावं. पॉलिशपेपर लावू नये. गंजाबरोबर निळसर-काळी झिलई जाते, कोरलेला नंबरही झिजतो. नंबर पुसून टाकणं १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय त्या नंबरातच रायफलीची ओळख असते. गंज काढताना ती ओळख जपावी.