बाबांची एफडी आणि जावयाची सही



ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात आता अशी इमारत सापडणं कठीण, जिच्यातलं एक तरी मूल परदेशात नाही. त्यामुळे लग्न झालं, नवरा अमेरिकेला परत गेला आणि मुलगी व्हिसाची वाट बघत माहेरी थांबली, हे चित्र आपल्या ओळखीचं आहे. लग्नाची धावपळ संपते आणि घरात दुसरी धावपळ सुरू होते, ती कागदांची.

या धावपळीत मुलीचे वडील सहसा पहिलं काम करतात ते बँकेत जाण्याचं. खात्यात किती पैसे आहेत याचा दाखला घेतात. एफडीच्या पावत्यांच्या झेरॉक्स काढतात. सीएकडून फ्लॅटच्या किमतीचं प्रमाणपत्र करून घेतात. इंडेक्स टू, गावच्या जमिनीचा सातबारा, विम्याच्या पॉलिसी असं सगळं एका फाइलमध्ये जातं. शेजारच्या मुलाला शिक्षणासाठी जाताना हेच लागलं होतं, मग आपल्यालाही हेच लागणार, असा साधा हिशेब असतो.

श्रोतेहो, हा हिशेब चुकतो तो इथेच. विद्यार्थी म्हणून जाणाऱ्याला शिक्षणाचा खर्च कोण करणार हे दाखवावं लागतं, म्हणून तिथे वडिलांची एफडी कामाला येते. पण पती किंवा पत्नी म्हणून कायमचं राहायला जाणाऱ्याच्या बाबतीत प्रश्न वेगळा असतो. तिथे पोहोचल्यावर हिची जबाबदारी कोण घेणार? त्याचं उत्तर ठाकुर्लीच्या फाइलमध्ये नसतं. ते अमेरिकेतल्या जावयाच्या पगारात आणि त्याच्या सहीत असतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. नवरा तिथे नोकरीच्या एच-वन व्हिसावर असेल, तर बायको एच-फोरवर जाते. तो तात्पुरता व्हिसा. आज मी बोलतोय ते स्थलांतर व्हिसाबद्दल, म्हणजे नवरा अमेरिकेचा नागरिक आहे किंवा त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे, आणि त्याने बायकोसाठी रीतसर अर्ज भरला आहे. नागरिकाच्या पत्नीसाठी दरवर्षीच्या संख्येची मर्यादा नाही. ग्रीन कार्डवाल्याच्या पत्नीला मात्र रांगेत आपला क्रमांक येईपर्यंत थांबावं लागतं. मी सोयीसाठी नवरा तिकडे आणि बायको इकडे असं म्हणतोय. उलट असेल तरी नियम तेच.

आता पैशाच्या कागदांकडे येऊ. सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट, फॉर्म आय-८६४. अमेरिकेत १९९६ साली झालेल्या कायद्याने या कागदाला कराराचं बळ दिलं आणि डिसेंबर १९९७ पासून तो या स्वरूपात लागू झाला. अर्ज करणाऱ्या नवऱ्याने तो भरायचाच असतो. त्यात तो लिहून देतो की माझं उत्पन्न तिथल्या सरकारी दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के आहे आणि माझ्या पत्नीला मी त्या पातळीखाली जाऊ देणार नाही. ही रेषा दरवर्षी बदलते. २०२५ च्या कोष्टकाप्रमाणे दोन माणसांच्या कुटुंबाला वर्षाला २६,४३७ डॉलर एवढं उत्पन्न लागत होतं. अलास्का आणि हवाई या दोन राज्यांचे आकडे वेगळे असतात.

दोन माणसं म्हणजे नवरा आणि बायको, हे सोपं वाटतं. पण आपल्या घरांमध्ये गडबड होते ती याच मोजणीत. समजा, जावयाने चार वर्षांपूर्वी स्वतःच्या आईवडिलांना ग्रीन कार्डवर नेलं. त्यांच्यासाठीही त्याने हाच फॉर्म भरला होता आणि ती जबाबदारी अजून संपलेली नाही. मग मोजणीत ते दोघंही धरावे लागतात. कुटुंब दोघांचं न राहता चौघांचं होतं आणि २०२५ च्या कोष्टकातला आकडा ४०,१८७ डॉलरवर जातो. जावयाचा पगार ३६,००० असेल तर दोघांच्या हिशेबात तो आरामात बसतो, चौघांच्या हिशेबात ४,१८७ डॉलर कमी पडतो. म्हणून पगार किती, हे विचारण्याआधी माणसं किती, हे विचारा. नव्या सुनेच्या घरच्यांनी हा प्रश्न विचारण्यात संकोच करण्यासारखं काहीही नाही.

उत्पन्नाचा पुरावा म्हणून जावयाने काय पाठवायचं? तिथल्या आयकर खात्याकडून मिळणारा सर्वांत अलीकडच्या वर्षाच्या विवरणपत्राचा उतारा, ज्याला टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट म्हणतात. तो फुकट मिळतो. त्याबरोबर नोकरी देणाऱ्याचं पत्र, अलीकडच्या पगाराच्या स्लिपा, आणि तो नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असल्याचा पुरावा. नुकतीच नोकरी बदलली असेल तर नव्या ठिकाणचं पत्र विसरू नये, कारण विवरणपत्रातला आकडा जुन्या नोकरीचा असतो. हे कागद न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरच्या ऑनलाइन व्यवस्थेत चढवायचे असतात. तरी त्यांच्या छापील प्रती मुलीने मुलाखतीला बरोबर ठेवाव्यात.

उत्पन्न कमी पडलं तर? दोन मुख्य वाटा आहेत. पहिली वाट मालमत्तेची. नवरा नागरिक असेल तर जेवढी रक्कम कमी पडते तिच्या तिप्पट किमतीची मालमत्ता दाखवता येते. ग्रीन कार्डवाल्याला ती पाचपट दाखवावी लागते. आपल्या उदाहरणात ४,१८७ च्या तिप्पट म्हणजे १२,५६१ डॉलर. ही मालमत्ता वर्षभरात रोख होण्यासारखी हवी, आणि तिच्यावर कर्ज असेल तर ते वजा करायचं. जाणाऱ्या मुलीची स्वतःची बचतही यात धरता येते. तिच्या नावावर एफडी असेल, तिच्या नावावर घर असेल, तर ते चालतं. बँकेतली रक्कम दाखवायची तर मागच्या बारा महिन्यांचा खातेउतारा तयार ठेवायचा. मुलाखतीच्या आठवड्यात कुणीतरी एकदम टाकलेली मोठी रक्कम उत्तरापेक्षा प्रश्नच जास्त निर्माण करते.

म्हणजे वडिलांची एफडी? ती वडिलांची आहे. ते ठाकुर्लीत राहतात, म्हणून ते हमीदार होऊ शकत नाहीत. त्यांच्या फ्लॅटची किंमत दीड कोटी असली तरी या फॉर्मच्या हिशेबात ती येत नाही.

दुसरी वाट जोड हमीदाराची. अमेरिकेत राहणारा, अठरा वर्षांवरचा, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असा कुणीही, काका, मावसभाऊ, मित्र, स्वतःचा वेगळा फॉर्म भरून हमी देऊ शकतो. मात्र त्याचं उत्पन्न त्याचं कुटुंब अधिक ही मुलगी, एवढ्यांना पुरेसं हवं. आणि हा हमीदार आला तरी नवऱ्याचा स्वतःचा फॉर्म लागतोच.

मग मुलीने काहीच आणायचं नाही का? तसं नाही. पुढे ही व्यक्ती सरकारवर भार होईल का, हे ठरवताना अधिकाऱ्याने तिचं वय, आरोग्य, कौटुंबिक स्थिती, आर्थिक परिस्थिती, शिक्षण आणि कौशल्य पाहायचं असतं, असं कायदाच सांगतो. म्हणून पदवीची प्रमाणपत्रं, नोकरीचं पत्र, स्वतःच्या खात्याचा उतारा हे सगळं व्यवस्थित लावून ठेवावं.

या सगळ्या कागदांवर नाव एकच दिसतं आहे ना, तेही तपासावं. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, त्याबरोबर मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं. पासपोर्टवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, पॅनकार्डवर नुसती आद्याक्षरं, असं झालं की ही तिघी एकच, हे सिद्ध करत बसावं लागतं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. बदलायचं असेल तर सगळीकडे बदला, नाहीतर व्हिसा हातात येईपर्यंत पासपोर्टवर आहे तेच राहू द्या. लग्नाची नोंद महापालिकेत रीतसर झालेली हवी, नुसती पत्रिका आणि फोटो पुरत नाहीत. जुने दाखले फक्त मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतर जोडा. ते अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतर करणाऱ्याने सहीनिशी लिहून द्यायचं असतं.

आता फीबद्दल. ही एकदाच भरून संपत नाही, टप्प्याटप्प्याने भरावी लागते. सगळ्यात आधी नवऱ्याच्या मूळ अर्जाची, म्हणजे आय-१३० ची फी. १ एप्रिल २०२४ पासून ती ऑनलाइन अर्जाला ६२५ आणि कागदी अर्जाला ६७५ डॉलर झाली. अर्ज मंजूर होऊन प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे गेलं की दोन फी येतात. व्हिसा अर्जाची ३२५ डॉलर आणि हमीपत्र तपासणीची १२० डॉलर. या दोन्ही ऑनलाइन भरायच्या असतात आणि त्यासाठी अमेरिकेतल्या बँकेचं खातं लागतं, म्हणून इथून खटपट न करता त्या नवऱ्यानेच भराव्यात. व्हिसा मिळाल्यावर, विमानात बसण्याआधी, आणखी एक इमिग्रंट फी. ती १ एप्रिल २०२४ पासून २३५ डॉलर आहे आणि ग्रीन कार्ड तयार करण्यासाठी घेतली जाते. ऑनलाइन अर्ज धरला तर बेरीज होते १,३०५ डॉलर. भरलेली फी व्हिसा नाकारला गेला तरी परत मिळत नाही. भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर त्या दिवशीचा आकडा पाहा आणि प्रत्येक पावती छापून फाइलमध्ये ठेवा.

इथला खर्च वेगळा. पोलिसांकडच्या दाखल्यासाठी पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज करायचा, त्याची फी ५०० रुपये. वैद्यकीय तपासणी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते, आपल्या फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही. तपासणीचे आणि लशींचे पैसे तिथेच रुपयांत द्यायचे. लहानपणापासूनच्या लसीकरणाच्या नोंदी शोधून न्या, म्हणजे घेतलेली लस परत घेऊन परत पैसे द्यावे लागणार नाहीत. ही तपासणी फार आधी करू नका. तिची मुदत मर्यादित असते आणि व्हिसाची मुदतही सहसा तिच्यावर ठरते.

याखेरीज कुणी साहेबांची फी, फाइल पुढे सरकवण्याची फी म्हणून काही मागितलं तर देऊ नका. एजंटाची किंवा वकिलाची फी ही त्यांच्या कामाची फी असते. तिने निकाल बदलत नाही.

मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलात होते. जुन्या मंडळींना ब्रीच कँडीची रांग आठवत असेल. २०११ साली वाणिज्य दूतावास तिथून हलला. ठाकुर्लीहून धीमी लोकल पकडायची, कुर्ल्याला उतरायचं आणि पुढे बस किंवा रिक्षा. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून तो घरच्यांकडे द्या. सोबत आलेल्यांना बाहेरच थांबावं लागतं. आतमध्ये मुलगी एकटी असते, त्यामुळे फाइल वडिलांनी लावली असली तरी कोणता कागद कुठे आहे हे तिला माहीत हवं. नवरा काय काम करतो, किती कमावतो, त्याच्या घरात कोण कोण आहे, हमी कुणी दिली, हे तिला सांगता आलं पाहिजे. एखादा कागद कमी असेल तर कलम २२१(जी) ची चिठ्ठी मिळते. ती आली म्हणून रडू नका. पुष्कळदा एखादा कागद किंवा आणखी तपासणी बाकी आहे, एवढाच तिचा अर्थ असतो. मागितलेलं वेळेत द्या. आणि व्हिसा हातात पडेपर्यंत नोकरीचा राजीनामा देऊ नका, तिकीटही काढू नका.

शेवटी त्या सहीकडे परत येतो. आय-८६४ वरची सही हा निव्वळ व्हिसाचा उपचार नाही. ती जबाबदारी, बायको अमेरिकेची नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या नावावर कामाच्या ४० तिमाह्या जमेपर्यंत, म्हणजे साधारण दहा वर्षं, चालू राहते. ती कायमची देश सोडून गेली किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला तरच ती त्याआधी संपते. घटस्फोटाने ती संपत नाही. नवऱ्याने वाऱ्यावर सोडलं तर या कागदाच्या आधारे ती तिथल्या कोर्टात पोटापाण्याचा हक्क मागू शकते. काकांना हमीदार व्हा म्हणताना हेही सांगितलं पाहिजे, कारण त्यांची सहीसुद्धा तेवढीच बांधते.

परक्या देशात नवी नवरी पहिली काही वर्षं बहुतेक सगळ्या बाबतीत नवऱ्यावर अवलंबून असते. म्हणून मुलीच्या आईवडिलांना माझं एक सांगणं आहे. सीएच्या दाखल्यासाठी घालवणार असाल तेवढा वेळ त्या फॉर्मसाठी काढा. लेकीला शेजारी बसवा आणि सगळी पानं तिच्याकडून वाचून घ्या. मग सही केलेल्या फॉर्मची एक प्रत तिच्या स्वतःच्या बॅगेत ठेवा आणि एक आपल्या कपाटात. देव करो आणि तिची कधी गरज न पडो. पण दागिने आपण त्याच विचाराने देतो ना?