गिटारवरील विस्तृत आर्पेजिओ आणि अभ्यासाची वाट
(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा आम्ही शाळेविषयी बोलू अशी आपली अपेक्षा असणार. तथापि आज आम्ही शिक्षक म्हणून नव्हे, तर विद्यार्थी म्हणून उभे आहोत. आमचा विषय आहे गिटारवरील विस्तृत आर्पेजिओचा अभ्यास. विषय काहीसा परका वाटेल. परंतु त्यात आमच्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुली आहे, म्हणून तो निवडला.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. इटालियन भाषेत 'आर्पा' म्हणजे हार्प हे तंतुवाद्य. त्यावर जसे स्वर एकामागून एक छेडतात तसे छेडणे म्हणजे आर्पेजिओ. सा, ग, प हे तीन स्वर एकदम वाजविले तर ती कॉर्ड, म्हणजे स्वरसंघ. ओळीने वाजविले तर आर्पेजिओ. हाच क्रम एका सप्तकात न थांबविता दोन-तीन सप्तकांत नेला की तो विस्तृत झाला. विस्ताराची दुसरीही एक रीत आहे. प च्या पुढे एकेक स्वर सोडून नी, आणि मग वरच्या सप्तकातील रे, म, ध घेत गेले की सा ग प नी रे म ध असे सातही स्वर त्यात येतात. त्यातील म हा ग शी खटकतो, म्हणून वादक तो पुष्कळदा गाळतात किंवा तीव्र करतात. आपल्याकडील गायक पलटे घोटतात, त्याच वळणाचा हा अभ्यास होय.

आता प्रत्यक्ष वाट सांगतो. सर्वांत जाड अशा सहाव्या तारेच्या ३ऱ्या पडद्यावर सा धरावा. पाचव्या तारेच्या २ऱ्या पडद्यावर ग, ५व्यावर प. चौथ्या तारेच्या ५व्या पडद्यावर पुन्हा सा, ९व्यावर ग. तिसऱ्या तारेच्या ७व्यावर प, दुसरीच्या ८व्यावर सा. पहिल्या तारेच्या ७व्यावर ग, १०व्यावर प आणि १५व्यावर अखेरचा सा. अशी ही तीन सप्तके आणि दहा स्वर.

कागदावर हे सोपे दिसते. परंतु चौथ्या तारेवर ५व्या पडद्यावरून ९व्यावर जाताना, आणि पहिल्या तारेवर १०व्यावरून १५व्यावर जाताना, सबंध डावा हात सरकवावा लागतो. त्यातही पडदे सर्वत्र सारखे नसतात. ६५ सेंटिमीटर लांबीच्या तारेवर पहिल्या पडद्याची जागा सुमारे ३६ मिलिमीटर रुंद असते, तर १५व्याची अवघी १६ मिलिमीटर. शिवाय शेजारच्या दोन तारांत पाच अर्धस्वरांचे अंतर असते. केवळ तिसऱ्या व दुसऱ्या तारेत ते चार आहे. त्यामुळे जाड तारांवर बसलेली बोटांची ठेवण वर जशीच्या तशी चालत नाही. चुका होतात त्या बहुधा याच ठिकाणी.

आता कबुली. आमचा मुलगा शाळेत असताना त्याने हौसेने एक गिटार आणली होती. परीक्षा तोंडावर आली आहे, हे सांगून आम्ही ती माळ्यावर टाकविली. पुष्कळ वर्षांनी आमच्या नातीने ती खाली काढली. आता तरी आपण साहाय्य करावे म्हणून आम्हीही तिच्याबरोबर शिकू लागलो. परंतु शिक्षकाची सवय सुटेना. संमेलनात हिने काही वाजवावे या हव्यासाने आम्ही तिला रोज सगळे दहा स्वर जलद वाजवावयास लावू लागलो. ती ९व्या पडद्याशी अडे, आम्ही म्हणत असू, "पुन्हा पहिल्यापासून." एके सायंकाळी तिने डोळे पुसले आणि ती म्हणाली, "आजोबा, ही परत माळ्यावर ठेवा."

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. एकाच वाद्यावर आमच्या हातून दोन पिढ्यांचा अन्याय होऊ पाहत होता.

मार्ग दाखविला तो एका जुन्या पुस्तकाने. माउरो जुलियानी या इटालियन वादकाने १८१२ साली व्हिएन्ना येथे उजव्या हाताचे १२० अभ्यास प्रसिद्ध केले. त्या सर्वांत डाव्या हातास केवळ दोनच सोप्या कॉर्ड दिल्या आहेत. बदलतो तो उजव्या हाताच्या बोटांचा क्रम. एका वेळी एकच अडचण समोर ठेवावयाची, हे त्यामागील तत्त्व. जन्मभर फळ्यापुढे उभे राहूनही आम्ही ते विसरलो होतो. नातीला जे येत होते तेच आम्ही शंभरदा म्हणून घेत होतो, आणि जे येत नव्हते तेथे तिला क्षणभरही थांबू देत नव्हतो.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दहा स्वर सोडून दिले व दोनच घेतले : ५व्यावरील सा आणि ९व्यावरील ग. लयमापक यंत्र मिनिटाला ४० ठोक्यांवर लावले. हात उचलण्यापूर्वी दृष्टी पुढच्या पडद्यावर न्यावी, अंगठा दांडीमागे सैल ठेवून बोटांबरोबरच सरकू द्यावा, एवढाच पाठ. तो बसल्यावर मागचा एक स्वर जोडला, मग पुढचा एक. दहाही स्वर जुळावयास दोन महिने लागले. संमेलन केव्हाच होऊन गेले होते. १५वा पडदा आजही दहांतून तीन वेळा चुकतो. परंतु आता ती चिडत नाही आणि आम्ही बोलत नाही.

बंधुभगिनींनो, मुलाला वाद्य घेऊन देणारी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना आमची एवढीच विनंती, की महिन्याभरात चित्रपटातील गाणे ऐकवण्याचा आग्रह धरू नये. मूल अडते तेथेच त्याच्याजवळ बसावे. आणि मंडळास प्रार्थना, की गुणांच्या टक्केवारीबरोबरच वर्षभर चिकाटीने कला शिकणाऱ्या एखाद्या मुलाची नोंदही या व्यासपीठावरून व्हावी, मग तो अजून चुकत का असेना.

परवा आमच्या मुलाने काही न बोलता नव्या तारांचा संच आणून गिटारीशेजारी ठेवला. आम्हीही काही बोललो नाही. नातीने मात्र त्याच सायंकाळी तारा बदलून घेतल्या.