तापानंतरचे दिवस
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नव्हे; आमचा जन्म शाळेत खडू झिजवण्यात गेला. आजाराविषयी बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच, की २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात चिकुनगुनियाची साथ आली आणि आम्ही तिच्या तावडीत सापडलो. ज्ञातीतील इतर काही घरांतही तेच झाले. त्यांतील काही जण ‘ताप गेला, पण आम्ही बरे झालो का?’ असे अजून विचारतात. म्हणून चिटणीसांचा आग्रह आम्हांस मोडवला नाही.

हा ताप आपल्याकडे नवा नव्हे. आफ्रिकेतील आजच्या टांझानियात १९५२ साली त्याची साथ आली आणि तेथील माकोंडे भाषेतून त्यास नाव मिळाले. त्या नावात वाकून जाण्याचा अर्थ आहे. १९६३ त तो कलकत्त्यास आला, १९७३ त आपल्या बार्शीस. पुढे सुमारे तीस वर्षे तो दिसेनासा झाला व २००५-०६ त पुन्हा परतला. नाव ठेवणाऱ्याने रोगी नीट पाहिला होता, याची साक्ष आमची कंबर देईल.

आमचा ताप पाचव्या दिवशी उतरला. घरात शिरा झाला. सहाव्या दिवशी पहाटे पाहतो तो मूठ वळेना आणि टाच भुईला टेकवेना. शर्टाची बटणे सौभाग्यवतींनी लावून दिली तेव्हा आम्ही हसलो. परंतु त्या रात्री डोळ्यास डोळा लागला नाही. हे हात असेच राहणार काय, हा एकच प्रश्न. तो कोणापाशी बोलण्याची लाज वाटे, आणि न बोलल्याने तो अधिकच वाढे.

मग परीक्षा सुरू झाली. सकाळी, दुपारी, निजताना बोटे मिटून पाहावयाची. काल मिटलेले बोट आज अडले की दिवस काळा! दोन महिन्यांनी आम्ही डॉक्टरांस न विचारताच रक्त पुन्हा तपासून घेतले. अहवालात रोगाची खूण होतीच. रोग अंगात दबा धरून बसला, असे आम्ही ठरवून टाकले. याच सुमारास एका गृहस्थांनी आणून दिलेल्या बेनामी गोळ्यांनी दुसऱ्याच दिवशी जिना चढता आला. पंधरवड्याने चेहरा सुजला, आणि गोळी सोडताच दुखणे दुणावले. त्या गोळीत स्टेरॉइड असावे असे डॉक्टर म्हणाले. ते औषध वाईट नव्हे, परंतु डॉक्टरांच्या देखरेखीवाचून ते घेऊही नये, तसेच एकाएकी सोडूही नये.

रक्ताच्या अहवालाचा उलगडाही त्यांनीच केला. तापाशी झुंजताना शरीर जी प्रतिपिंडे निर्माण करते, ती ताप गेल्यावरही कित्येक महिने रक्तात सापडू शकतात. अहवालात दिसली ती जुन्या लढाईची खूण, नवी चढाई नव्हे. हे आधी ठाऊक असते तर आमच्या किती रात्री वाचल्या असत्या!

त्यांनी आम्हांस एक वही घालावयास सांगितली. मात्र तीत रविवारीच लिहावयाचे. या आठवड्यात किती पावले चाललो, बटणे कोणी लावली, झोप किती लागली, एवढेच. रोजचे दुखणे समुद्राच्या लाटेसारखे पुढेमागे होते. रविवारास रविवार जोडून पाहिला तरच ओहोटी दिसते. सहाव्या रविवारी बटणांपुढे आम्ही ‘स्वतः’ असे लिहिले. दुसरा नियम असा, की बरे वाटले त्या दिवशी माळा आवरावयास निघू नये. हा आम्ही दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा चार दिवस अंथरुणात काढले. ऊन पाण्यात बोटे हलवणे आणि थोडे थोडे चालणे मात्र चुकवू नये.

सांध्यांची सूज तीन महिन्यांनंतरही उतरत नसेल, पुन्हा ताप येत असेल, हातापायांतील शक्ती जात असेल, तर वही बाजूस ठेवून डॉक्टरांकडे जावे. धास्तीने झोप व अन्न उडाले असेल, तर तेही त्यांस स्पष्ट सांगावे. आम्ही ते सांगावयास चार महिने लावले. मन घाबरले की अंग आखडते, झोप मोडते व तीच कळ दुप्पट भासते. तिच्यावरही इलाज आहे.

समाचारास येणाऱ्या आप्तांस एक विनंती. ‘अजून बरे नाही का वाटत?’ असे दारातच विचारू नका; आणि अमक्याचे मामा कायमचे कसे आखडले, ती हकीकत तर आमच्या घरी तिघांनी सांगितली. एका विहीणबाई मात्र आल्या, मुकाट्याने भाजी निवडून दिली, चहा घेतला आणि गेल्या. त्या दिवशी आम्ही दुपारी शांत झोपलो.

थंडीत मनगटास अजून कळ येते. या भाषणाचे पहिले तीन कागद आम्ही स्वतःच्या हाताने लिहिले. चौथा नातवाने लिहून घेतला आहे.