मनाच्या आजारांवरची पुस्तकं निवडताना
(गणेशोत्सवातील व्याख्यानसत्रात वाचनालय समितीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली आहे, प्रसाद व्हायचा आहे. मधली पंधरा मिनिटं अध्यक्षांनी आम्हाला दिली. सणासुदीला हा विषय कशाला, असं कुणाच्या मनात आलं तर चूक नाही, आमच्याही आलं होतं. पण बाप्पा बुद्धीची देवता. बुद्धी आणि मन आजारी पडतं तेव्हा काय करायचं, हेही त्याच्यासमोर बोलायला हरकत नसावी.

गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेत ठरलं की आपल्या वाचनालयात मानसिक आरोग्याच्या पुस्तकांचं वेगळं कपाट असावं. काम आमच्याकडे आलं. आमच्यात डॉक्टर कुणी नाही. कुणी सरकारी कचेरीत आहे, कुणी शाळेत शिकवतं, कुणी बँकेतून निवृत्त झालंय. आम्ही खजूरी बाजारात चकरा मारल्या, पुण्याहून याद्या मागवल्या, आणि पहिलीच मोठी चूक करून बसलो. तीच आधी सांगतो.

एका सभासदांनी देणगी म्हणून 'डीएसएम' हा जाडजूड इंग्रजी ग्रंथ दिला. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचा हा ग्रंथ, निदानाचे निकष सांगणारा. आम्हाला वाटलं, याहून अधिकृत काय असणार? कपाटात पहिला मान त्याला दिला. आपल्या परिचयातल्या एका काकूंनी तो नेला. त्यांचा मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, खोलीबाहेर यायचा बंद झाला होता. मुलीला शेजारी बसवून त्यांनी एकेक लक्षण ताडून पाहिलं. मुलाला पाच आजार निघाले! काकू इतक्या घाबरल्या की पुस्तक कपड्यांच्या कपाटात तळाशी ठेवलं आणि चार महिने कुणाकडे अवाक्षर काढलं नाही. पुस्तक परत करताना एवढंच म्हणाल्या, "भाऊ, यात सगळं आहे, पण मी उद्या काय करू ते नाही."

मुलावर आता उपचार चालू आहेत, बरा आहे. पण ते चार महिने आमच्या खात्यावर लिहिलेले आहेत. तो ग्रंथ प्रशिक्षित तज्ज्ञांसाठी आहे, असा इशारा त्यातच छापलेला असतो. आम्ही वाचला नव्हता.

तेव्हापासून आमची कसोटी काकूंच्या त्या वाक्यावरूनच ठरली. कुठलंही पुस्तक आलं की त्यातली चार पानं तिघांना वाचायला द्यायची: सत्तरीच्या एका आजींना, एका दुकानदार काकांना आणि बारावीतल्या एका मुलीला. मग विचारायचं, हे वाचून उद्या सकाळी तुम्ही काय कराल? तिघांपैकी दोघांना उत्तर देता आलं नाही, तर ते पुस्तक घरच्या वाचकांसाठी नाही.

याचा अर्थ जड ग्रंथ नकोत असा नाही. आम्ही कपाटाचे तीन खण केले. वरचा खण विद्यार्थ्यांचा. आपल्याकडची बरीच मुलं-मुली मेडिकलला, नर्सिंगला, मानसशास्त्राच्या बीएला आहेत. त्यांच्यासाठी नीरज आहुजांचं मनोविकारशास्त्राचं छोटं पाठ्यपुस्तक आणि श्रीवाणी यांचं मनोविकार परिचर्येचं पुस्तक ठेवलं. दोन्ही भारतात लिहिलेली, इथल्या अभ्यासक्रमाला धरून. तो अमेरिकन ग्रंथही याच खणात आहे, पण तो आता फक्त वाचनालयात बसून वाचायचा. निदानाची दुसरी मोठी यादी म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी. तिची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली आणि ती इंटरनेटवर फुकट वाचता येते. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही आजार ठरवताना आयसीडीच्या ताज्या आवृत्तीचा उल्लेख आहे. म्हणून तिच्यावर पैसे खर्च केले नाहीत.

मधला खण कार्यकर्त्यांचा. इथे आमचं सर्वांत आवडतं पुस्तक आहे, डॉ. विक्रम पटेल यांचं 'व्हेअर देअर इज नो सायकिअ‍ॅट्रिस्ट'. पहिली आवृत्ती २००३ ची, दुसरी २०१८ ची. पटेल हे १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या 'संगाथ' संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. जिथे मनोविकारतज्ज्ञ नाही तिथल्या आरोग्यसेवकासाठी हे लिहिलंय. पुस्तक आजाराच्या नावापासून सुरू होत नाही. झोप येत नाही, दारू सुटत नाही, मरणाचे विचार येतात, अशा तक्रारींपासून सुरू होतं. आजी-आजोबाही तसंच सांगतात ना? हे इंग्रजीत आहे, म्हणून त्यातल्या प्रकरणांवर महिन्यातून एकदा आम्ही मराठीत बोलतो.

खालचा खण, हाताला सहज येणारा, घरच्यांचा. त्यात अच्युत गोडबोले आणि नीलांबरी जोशी यांचं 'मनकल्लोळ', डॉ. आनंद नाडकर्णींची पुस्तकं, आणि व्यसनाबद्दल अनिल अवचटांची 'गर्द' आणि 'मुक्तांगणची गोष्ट'. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे. तिथली हकीकत वाचून आपल्यातल्या एका गृहस्थांनी आपण होऊन पत्ता विचारला. सल्ल्याच्या पुस्तकाने हे कधी झालं नसतं.

आता भाषेचं. आपल्या घरांत आजी मराठी वाचते, आईबाबा हिंदी-मराठी दोन्ही, मुलं इंग्रजी, आणि डॉक्टर बोलतात हिंदीत. आजी म्हणते "जीव घाबरा होतो", डॉक्टर लिहितात एंग्जायटी. म्हणून कपाटाच्या दारावर आम्ही एक तक्ता लावलाय. मराठीत नैराश्य, हिंदीत अवसाद, डॉक्टरांचं डिप्रेशन. मराठीत छिन्नमनस्कता, हिंदीत मनोविदलता, डॉक्टरांचा स्किझोफ्रेनिया. मराठीत स्मृतिभ्रंश, हिंदीत मनोभ्रंश, डॉक्टरांचा डिमेन्शिया.

आणि आपले घरगुती शब्द? पुन्हा पुन्हा हात धुणाऱ्या बाईचं आपण सोवळं म्हणून कौतुक केलं, फार झालं तर मंत्रचळ म्हणालो. आजोबा घरचा रस्ता चुकले तर म्हातारचळ, साठी बुद्धी नाठी म्हणून हसलो. हे शब्द पुसायचे नाहीत, कारण माणसं त्याच शब्दांनी विचारतात. पण या शब्दांमागे उपचार होऊ शकणारा, निदान काळजी घेता येणारा आजार असू शकतो, हे जे पुस्तक सांगतं ते आपलं.

पुस्तक घेताना छपाईचं साल जरूर बघा. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा आहे असं जुन्या पुस्तकांत असतं आणि त्या भीतीने घरचे दवाखान्यात खोटं बोलतात. २०१८ मध्ये लागू झालेल्या नव्या कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं ठरवलं, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं सरसकट कलम राहिलेलं नाही. तसंच, समलैंगिकता हा आजार आहे असं लिहिलेलं पुस्तक सरळ बाजूला ठेवा. अमेरिकन संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये तो आजारांच्या यादीतून काढला. डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करा, अमुक दिवसांत हमखास बरे व्हा, असं सांगणारी पुस्तकं फुकट मिळाली तरी आम्ही घेत नाही.

एक गोष्ट एका वाचकामुळे कळली. त्यांनी 'मनकल्लोळ' वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं. आमच्या नोंदवहीत पुस्तक आणि नाव शेजारी-शेजारी लिहिलेलं असतं आणि वही टेबलावर उघडी असते! आता या कपाटाची वही वेगळी आहे. त्यात फक्त सभासद क्रमांक असतो आणि ती ड्रॉवरमध्ये राहते.

कपाटात सध्या एकवीस पुस्तकं आहेत. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर आम्ही एक चिठ्ठी चिकटवलीय: टेलिमानस, १४४१६. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि भाषा निवडता येते. पुस्तक उघडणाऱ्याला वाचण्याइतका धीर नसेल, तर निदान फोन करता यावा.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आपलं मध्य प्रदेशही होतं. देशभरात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार आढळला आणि त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. या मांडवात दोनशे जण बसले असतील, तर हिशोब तुम्हीच करा.

विनंती दोनच. घरात या विषयाची जुनी पुस्तकं असतील तर द्यायच्या आधी साल बघा. आणि कुणी हे कपाट उघडताना दिसलं, तर "काय हो, कुणासाठी?" असं विचारू नका. रविवारी सकाळी दहा ते बारा आमच्यापैकी कुणीतरी तिथे असतंच.

प्रसादाला उशीर केल्याबद्दल क्षमा असावी. गणपती बाप्पा मोरया!