सरहद्दीवरची बाई आणि तिची भाषा

मैत्रिणींनो, आज ग्लोरिया अँझाल्दुआविषयी बोलायचं आहे. १९४२ साली दक्षिण टेक्सासात, मेक्सिकोच्या सीमेलगत, शेतात राबणाऱ्या कुटुंबात ती जन्मली. तिथली जुनी मेक्सिकन कुटुंबं जागची हलली नव्हती. १८४८च्या तहाने सरहद्दच सरकली. शाळेत स्पॅनिश बोललं की शिक्षा. म्हणूनच १९८७च्या ‘बॉर्डरलँड्स / ला फ्रोंतेरा’त निबंध आणि कविता ती भाषा मिसळून लिहिते, बरंचसं स्पॅनिश भाषांतर न देता. वाचताना मी अडले, चिडलेसुद्धा. मग वाटलं, हे अडणं तिने लहानपणी रोज सोसलंय.

पण वारसा म्हणून ती सगळंच कवटाळत नाही. मालिंचेचंच बघा. १५१९ मध्ये वीस गुलाम बायका कोर्तेसला भेट दिल्या गेल्या. त्यांतली ही एक, पुढे त्याची दुभाषी झाली. मेक्सिकोत तिचं नाव म्हणजे फितुरी. अँझाल्दुआचं म्हणणं उलट आहे : विश्वासघात तिचा झाला, तिने केला नाही. बायकांना गप्प बसवणारी संस्कृती (आपल्याला काय नवीन!) आपली असली तरी ती तिला मान्य नाही. समलिंगी म्हणून घरचे नाकारतील ही भीतीही तिने लपवलेली नाही.

पुढच्या बैठकीत तिच्या कविता वाचू, स्पॅनिशसकट.