कागदावरचा माणूस

मुलाला सरकारी नोकरीचा हुकूम आला की घरात पेढे येतात. पण त्याबरोबर एक छापील कागदही भरून द्यावा लागतो. त्याला साक्षांकन नमुना म्हणतात. नाव, जन्मतारीख, शाळा, राहण्याचे ठिकाण, कधी खटला झाला होता काय, असे प्रश्न त्यात असतात. आपण उत्तरे लिहायची आणि कचेरीने व पोलिसांनी ती जुन्या नोंदींशी ताडून पाहायची. खरी पंचाईत इथेच होते. माणूस सरळ असतो. त्याचे कागद मात्र एकमेकांशी भांडत असतात!

पहिली गोष्ट जन्मतारखेची. आपल्या खेड्यांत 1 जूनला जन्मलेली माणसे किती आहेत, जरा मोजून पाहा. बाप, चुलता, आत्या, सगळी 1 जूनची! हे काही ग्रहमान नव्हे. शाळा जूनमध्ये उघडे. आई सांगे, ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला.’ साल कोणाला ठाऊक? मग गुरुजी मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का पाहत, सहा वर्षे मागे मोजत आणि 1 जून लिहून टाकीत. हेतू चांगला होता. पोर शाळेत बसले, हेच मोठे काम. पण ती तारीख नोकरीपासून पेन्शनीपर्यंत चिकटून राहते. जन्माच्या नोंदवहीत निराळी तारीख निघाली, की खरी कोणती म्हणून विचारणा होते.

दुसरी गोष्ट नावाची. घरी बाळू, दाखल्यावर बाळासाहेब, सातबाऱ्यावर आणखी तिसरेच. लेकीबाळींचे तर विचारूच नका. दाखल्यावर माहेरचे नाव, मतदार यादीत सासरचे. कागद पाहणाऱ्याला त्या दोन निराळ्या बायका वाटतात!

तिसरी गोष्ट नामसाम्याची. नातवाला आजोबांचे नाव ठेवायची आपली रीत, आणि गावात एकाच आडनावाची पुष्कळ घरे. मग भलत्याचाच गुन्हा आपल्या नावापुढे दिसू शकतो. अशा वेळी घाबरून जाऊ नये. वडिलांचे नाव, वय, पत्ता यांचा फरक दाखवून लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

पण बांधावरच्या भांडणात खरोखरच खटला झाला असेल तर? कित्येक मुले म्हणतात, ‘सुटलो ना, मग लिहायचे कशाला?’ असे करू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली अवतार सिंग यांच्या खटल्यात सांगितले, की उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. किरकोळ बाब राहून गेली असेल, तर ती माफ करण्याचा विचार होऊ शकतो. खरे लिहिले म्हणजे नेमणूक मिळेलच, असेही नाही. पण लपवलेले उघडे पडले, तर मूळ भांडणापेक्षा लपवाछपवीच जड जाते.

कधीकधी जुनी नोंद उपकारही करते, बरं का! जातीच्या पडताळणीत पणजोबांची नोंद कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या वहीत, मोडी अक्षरांत सापडते आणि अडलेले काम पुढे सरकते.

तेव्हा करायचे काय? मूल जन्मले की 21 दिवसांच्या आत नोंद करा. तिला फी पडत नाही. वर्ष उलटले, तर अधिकाऱ्याचा हुकूम आणावा लागतो. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशासाठी जन्मदाखलाच पुरावा धरला जातो. गुरुजनांना विनंती, की रजिस्टरात नाव लिहिताना तो दाखला समोर ठेवा, काना-मात्रा पाहा आणि आईबापांना मोठ्याने वाचून दाखवा. चूक आढळली तर मूल शाळेत असतानाच रीतसर मंजुरी घेऊन दुरुस्त करा; खाडाखोड करू नका. नोकरीत शिरल्यावर तारीख बदलायची, तर राज्य सरकारच्या नियमाने पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.

गुरुजींचे दोन मिनिटांचे लिहिणे मुलाला साठ वर्षे पुरते. ते नीट झाले, तर पुढे पेढे वाटल्यावर कोणाला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार नाहीत.